पणजोबांची नोंद ‘कोतवाल बुका’त का शोधतात?

बारावीनंतरचे प्रवेश सुरू झाले की घाटंजी तालुक्यात, खरं तर सगळ्या यवतमाळ जिल्ह्यात, एक जुना शब्द कानावर येतो : कोतवाल बुक. जात पडताळणीला पूर्वजांचा जुना पुरावा लागतो. अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि ओबीसींसाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा. तो मिळाला नाही तर राखीव जागेवरचा प्रवेश अडतो.

इंग्लंडच्या खेड्यात हा शोध चर्चपासून सुरू होतो, कारण तिथं बाप्तिस्मा, लग्न आणि दफन वहीत लिहिण्याचा हुकूम 1538 मध्येच निघाला. आपल्याकडे देवळात अशी वही नव्हती. वऱ्हाड 1853 मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेलं आणि पुढे सरकारी नोंदी वाढल्या. गावात कुणी जन्मलं किंवा वारलं की त्याची खबर कोतवालामार्फत वर जायची. त्या नोंदींची वही म्हणजे कोतवाल बुक.

पण त्यात बाळाचं नाव बहुतेक वेळा नसतंच! बारसं व्हायच्या आधीच नोंद व्हायची. त्यामुळे तारीख, गाव, बापाचं नाव, जात आणि पुढे फक्त ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. आडनावाचाही भरवसा नाही. समजा, ‘सखाराम वल्द गणपत’ला मुलगा झाला असं लिहिलंय. हा सखाराम आपलाच कशावरून?

इथून खरी जोडाजोड सुरू होते. शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरातली जन्मतारीख या नोंदीशी जुळते का, ते आधी बघतात. शेती असेल तर पटवाऱ्याकडचं 1954-55 चं अधिकार अभिलेख आणि वारस फेरफार कामी येतात. फेरफारात बाप गेल्यावर मुलांची नावं एकत्र चढतात, म्हणून तो धागा पक्का. भूमिहीन घरांकडे हे नसतं. त्यांची सगळी मदार कोतवाल बुकावर आणि शाळेवर. लग्न झालेल्या मुलीलाही पुरावा माहेरचाच द्यावा लागतो.

गावाचं नावही चकवतं. 1905 पर्यंत हा जिल्हा ‘वणी’ नावाने ओळखला जायचा. काही गावं रिठी झाली, म्हणजे वस्ती उठली आणि नाव फक्त कागदावर उरलं. कोलाम पोडाची नोंद तर जवळच्या महसुली गावाच्या नावाखाली असू शकते. त्यामुळे तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज देताना शेजारच्या मौजांची नावं आणि आजोबांच्या भावंडांची नावंही लिहून न्यावीत.