उत्तराधिकार प्रमाणपत्राचे न्यायालयीन शुल्क व अल्प उत्पन्न गटातील वारस : अमरावती व अकोला जिल्ह्यांच्या संदर्भात

वऱ्हाडात केलेल्या व तेथील मिळकतीपुरत्या मृत्युपत्रास हिंदू कुटुंबांत प्रोबेट पूर्वीही सक्तीचे नव्हते. अमरावती, अकोला येथील गरीब वारसांचा संबंध प्रामुख्याने येतो तो उत्तराधिकार प्रमाणपत्राशी. मृताने ठेवीस नामनिर्देशन केलेले नसल्यास मोठ्या रकमेसाठी बँक हे प्रमाणपत्र मागते. (शेतजमिनीची वारसनोंद त्याविना तलाठ्याकडे होते.)

भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ३७९ नुसार प्रमाणपत्राच्या शुल्काइतकी रक्कम अर्जासोबतच जमा करावी लागते. अडकलेला पैसा सोडविण्यासाठी आधी हाती पैसा हवा. शेतकऱ्याच्या विधवेची खरी अडचण हीच आहे.

येथे विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ उपयोगी पडतो. कलम १२ नुसार स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांग यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात ती वार्षिक ३ लाख रुपये आहे. या साहाय्यात वकिलाबरोबरच न्यायालयीन शुल्कही अंतर्भूत होते, ही बाब सुशिक्षितांनाही फारशी ठाऊक नसते. उत्पन्नाबाबत शपथपत्र पुरेसे मानण्याची मुभा कलम १३ देते. अर्ज जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, अथवा अचलपूर, अकोट यांसारख्या ठिकाणी तालुका समितीकडे करावा. तोही शुल्क भरण्यापूर्वी.

१ ऑक्टोबर १९९४ च्या शासन अधिसूचनेने स्त्रियांना मालमत्तेच्या वादांत शुल्कमाफी दिली आहे. तथापि बिनविरोध अर्ज हा ‘वाद’ ठरतो काय, याची खात्री प्राधिकरणाने नेमलेल्या वकिलाकडून आधीच करून घेणे इष्ट.