सिएरा लिओन : बंदूक खाली ठेवल्यावर
तरुण लोकसंख्या ही देशाची संपत्ती, हे वाक्य आपल्याकडे भाषणांत इतके झिजले आहे की ते तपासावे असे कुणाला वाटत नाही. मी ते तपासायला सिएरा लिओन निवडला.

पश्चिम आफ्रिकेतल्या या छोट्या देशात १९९१ ते २००२ यादवी चालली. हिऱ्यांमुळे युद्ध झाले, अशी आपली सिनेमातून झालेली समजूत. हिऱ्यांनी ते लांबवले, हे खरे. पण तिथल्या सत्यशोधन आयोगाने २००४च्या अहवालात तरुणांना सत्तेपासून दूर ठेवल्याचेही कारण नोंदवले. मानववंशशास्त्रज्ञ पॉल रिचर्ड्स यांनी त्याचा तपशील दिला आहे. जमिनीवर वडीलधाऱ्यांचा ताबा, लग्न महाग, क्षुल्लक गोष्टीवरून प्रमुखाच्या न्यायसभेत जबर दंड. तो भरता आला नाही की वेठबिगारी किंवा परागंदा होणे. अशी पोरे बंडखोरांच्या हाती लागली. पुष्कळांना तर पळवूनच नेले.

शेवटी सुमारे ७२,००० जणांनी शस्त्रे ठेवली. त्यांच्यासाठी सुतारकाम, शिवणकाम, गवंडीकामाचे काही महिन्यांचे वर्ग निघाले, अवजारांच्या पेट्या वाटल्या. पण ज्या गावात खुर्ची घेण्याची कुणाची ऐपत नाही, तिथे इतक्या सुतारांनी करायचे काय? अनेकांनी पेट्या विकून टाकल्या.

त्याच सुमारास बो, केनेमा, मकेनी या शहरांत कुठल्याही योजनेत नसलेला धंदा उभा राहिला : मोटारसायकल टॅक्सी. रस्ते उखडलेले, वाहने जळालेली, म्हणजे गिऱ्हाईक तयारच होते. मालकाला रोजचा ठरलेला भरणा, वरचे आपले. हा हिशेब आपल्या रिक्षावाल्यांना समजावून सांगायला नको. (पुढे या धंद्यात बजाज, टीव्हीएस ही आपल्या ओळखीची नावेही आली.) कमाईपेक्षा मला त्यांची संघटना महत्त्वाची वाटते. कालपर्यंत एकमेकांवर गोळ्या झाडणारे तीत एकत्र आले आणि पोलिसांच्या मनमानीविरुद्ध बोलू लागले. न्यायसभेत एकटा पडणाऱ्या पोराच्या पाठीशी आता माणसे होती. प्रशिक्षणाच्या वर्गांनी हे दिले नव्हते.

मुलींच्या वाट्याला मात्र यातले फारसे काही आले नाही. दुचाकीचा धंदा पुरुषांचाच राहिला. पुनर्वसनाच्या यादीत नाव लागायचे, तर सुरुवातीच्या टप्प्यांत शस्त्र जमा करावे लागे. टोळ्यांसाठी रांधणाऱ्या, ओझी वाहणाऱ्या, जबरदस्तीने बायको केलेल्या मुलींपैकी अनेकींकडे जमा करायला बंदूकच नव्हती.