मतदार-नोंदणी आणि स्त्री-संघटना, अमेरिकेतील

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या दक्षिणेकडील राज्यांत, मुख्यत्वे १९४५ ते १९६५ या काळात, कृष्णवर्णीय नागरिकांची नावे मतदार-यादीत दाखल व्हावीत म्हणून स्त्रियांच्या नागरी मंडळांनी व स्त्री-कार्यकर्त्यांनी केलेले संघटित प्रयत्न. नागरी हक्कांच्या चळवळीचा इतिहास सामान्यतः धर्मोपदेशक नेते, मोर्चे आणि न्यायालयीन निर्णय यांच्या अनुषंगाने सांगितला जातो. तथापि खेडोपाडी एकेक मतदार तयार करण्याचे चिकाटीचे काम बव्हंशी शिक्षिका, केशभूषा करणाऱ्या स्त्रिया, शेतमजूर स्त्रिया आणि गृहिणी यांनी केले.

पार्श्वभूमी : अमेरिकेच्या संविधानातील पंधराव्या दुरुस्तीने (१८७०) वंश वा वर्ण यांच्या कारणावरून मताधिकार नाकारण्यास मनाई केली आणि एकोणिसाव्या दुरुस्तीने (१९२०) लिंगभेदावर आधारलेला निर्बंध दूर केला. दक्षिणेकडील राज्यांनी मात्र वर्णाचा उल्लेख टाळून तोच हेतू अन्य मार्गांनी साधला. मिसिसिपी राज्याच्या १८९० च्या संविधानाने मतदान-कर आणि साक्षरतेची अट घातली. इतर राज्यांनीही असेच उपाय योजले. पुढे अर्जदाराला राज्य-संविधानातील एखादे कलम उतरवून त्याचा अर्थ लिहावा लागे आणि तो बरोबर की चूक, हे सर्वस्वी नोंदणी-अधिकाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असे. ॲलाबॅमात मागील वर्षांचा मतदान-करही थकबाकी म्हणून भरावा लागे. रोझा पार्क्स (१९१३–२००५) यांना १९४५ मध्ये नोंदणी मिळाली, तेव्हा त्यांना असे १६.५० डॉलर भरावे लागले. मिसिसिपीत १९६२ च्या एका कायद्यान्वये अर्जदारांची नावे स्थानिक वृत्तपत्रात दोन आठवडे प्रसिद्ध होऊ लागली. त्यामुळे अर्जाची वार्ता मालक, सावकार व घरमालक यांच्यापर्यंत आपोआप पोहोचे आणि नोकरी जाणे, कर्ज नाकारले जाणे, प्रसंगी घरावर गोळीबार होणे, अशी किंमत अर्जदाराला मोजावी लागे.

नागरी मंडळे : कृष्णवर्णीय स्त्रियांच्या मंडळांची परंपरा एकोणिसाव्या शतकापासूनची होय. मेरी मॅक्लाउड बेथ्यून (१८७५–१९५५) यांनी १९३५ मध्ये स्थापिलेल्या ‘नॅशनल कौन्सिल ऑफ निग्रो विमेन’ या संस्थेने अशा अनेक मंडळांना एकत्र आणले. ॲलाबॅमातील माँटगॉमेरी येथे इंग्रजीच्या प्राध्यापिका मेरी फेअर बर्क्स यांनी १९४६ मध्ये ‘विमेन्स पोलिटिकल कौन्सिल’ ही संस्था स्थापिली. नोंदणीचे अर्ज भरण्यास शिकविणे व सार्वजनिक बसमधील अपमानास्पद वागणुकीविरुद्ध नगरपालिकेकडे दाद मागणे, ही तिची प्रमुख कामे होती. रोझा पार्क्स यांना १ डिसेंबर १९५५ रोजी अटक होताच संस्थेच्या अध्यक्षा जो ॲन रॉबिन्सन यांनी एका रात्रीत सायक्लोस्टाइल यंत्रावर हजारो पत्रके काढून बस-बहिष्काराचे आवाहन केले. मंडळाच्या पूर्वतयारीवाचून हे शक्य झाले नसते. रॉबिन्सन राज्याच्या महाविद्यालयात अध्यापिका असल्याने ही कृती त्यांच्या नोकरीवर बेतणारी होती. मिसिसिपीतील जॅक्सन येथे १९६१ मध्ये क्लॅरी कॉलिन्स हार्वी यांनी स्थापिलेली ‘वुमनपॉवर अनलिमिटेड’ ही संस्था प्रथम तुरुंगातील सत्याग्रहींना कपडे व अन्न पुरवीत असे. पुढे तिने मतदार-नोंदणीचे काम हाती घेतले. हार्वी यांचा व्यवसाय स्वतंत्र असल्याने गौरवर्णीय मालकाचा दबाव त्यांच्यावर येऊ शकत नव्हता.

नागरिकत्व-शाळा : साक्षरतेच्या अटीला साक्षरतेनेच उत्तर देण्याची पद्धत सेप्टिमा पॉइन्सेट क्लार्क (१८९८–१९८७) यांनी रूढ केली. दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्सटन येथे जन्मलेल्या क्लार्क यांनी चाळीस वर्षे शिक्षिका म्हणून काम केले होते. सरकारी नोकरांना नागरी हक्कांसाठी झगडणाऱ्या राष्ट्रीय संघटनेचे सभासदत्व ठेवण्यास राज्याने १९५६ मध्ये बंदी केली. क्लार्क यांनी सभासदत्व लपविण्यास नकार दिला आणि त्या नोकरी व निवृत्तिवेतन या दोहोंस मुकल्या. त्यानंतर टेनेसीमधील ‘हायलँडर फोक स्कूल’ या प्रौढशिक्षण संस्थेत त्यांनी काम स्वीकारले. जॉन्स बेटावरील बसचालक व समाजसेवक ईसॉ जेंकिन्स यांच्या मागणीवरून या संस्थेच्या साहाय्याने ७ जानेवारी १९५७ रोजी त्या बेटावर पहिली नागरिकत्व-शाळा सुरू झाली. तेथे शिक्षिका म्हणून क्लार्क यांची नातेवाईक बर्नीस रॉबिन्सन यांची निवड झाली. त्या व्यवसायाने केशभूषाकार असून त्यांना अध्यापनाचे प्रशिक्षण नव्हते आणि हाच त्यांचा गुण मानला गेला. कारण प्रशिक्षित शिक्षक प्रौढ मजुरांना लहान मुलांप्रमाणे वागवतील, अशी भीती होती. केशभूषा-केंद्र हे कृष्णवर्णीय स्त्रियांच्या स्वतःच्या मालकीचे व गिऱ्हाइकीचे ठिकाण असल्याने तेथील चर्चा मोकळी असे.

रॉबिन्सन यांनी पहिल्या दिवशी विद्यार्थ्यांना काय शिकायचे आहे, हेच विचारले. उत्तरांत आपले नाव लिहिणे, बायबल वाचणे, टपालाने माल मागविण्याचे व मनिऑर्डरचे अर्ज भरणे आणि नोंदणीसाठी लागणारी संविधानातील कलमे वाचणे यांचा समावेश होता. त्यानुसार अभ्यासक्रम आखला गेला. विद्यार्थी पुठ्ठ्यावरील आपल्या नावाच्या अक्षरांवरून पेन्सिल पुन:पुन्हा गिरवीत व त्यातून हाताला वळण लागे. ज्यांनी नोंदणी केली, त्यांनी इतरांना शिकविले आणि शाळा शेजारच्या बेटांवर पसरल्या. हायलँडरवर राज्य सरकारने कारवाई केल्यामुळे १९६१ मध्ये हा कार्यक्रम मार्टिन ल्यूथर किंग यांच्या अध्यक्षतेखालील ‘सदर्न ख्रिश्चन लीडरशिप कॉन्फरन्स’कडे आला. जॉर्जियातील डॉर्चेस्टर येथे क्लार्क, डॉरथी कॉटन व अँड्र्यू यंग यांनी खेड्यांतून निवडलेल्यांना अल्प मुदतीचे प्रशिक्षण दिले. ही माणसे गावी परतून आपापल्या घरी, चर्चमध्ये वा दुकानात वर्ग चालवीत.

मिसिसिपी व सेल्मा : मिसिसिपीतील रूलव्हिल येथे कापसाच्या मळ्यावर राबणाऱ्या फॅनी लू हेमर (१९१७–१९७७) यांना कृष्णवर्णीयांना मताचा अधिकार आहे, हे १९६२ च्या एका सभेत प्रथमच कळले. ३१ ऑगस्ट १९६२ रोजी त्या इतर सतरा जणांबरोबर इंडियनोला येथे नोंदणीसाठी गेल्या आणि त्याच रात्री मळ्यावरील अठरा वर्षांचे काम व घर सोडावे लागले. जानेवारी १९६३ मध्ये त्या परीक्षा उत्तीर्ण झाल्या. तरीही मतदानास गेल्या असता दोन वर्षांच्या मतदान-कराच्या पावत्या नसल्याने त्यांना परत पाठविण्यात आले. जून १९६३ मध्ये प्रशिक्षणवर्गाहून परतताना वायनोना येथील तुरुंगात त्यांना झालेल्या मारहाणीचे परिणाम त्यांना जन्मभर भोगावे लागले. १९६४ च्या ऑगस्टमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात त्यांनी दिलेली साक्ष दूरचित्रवाणीवरून देशभर पोहोचली. त्यावर्षी डॉरथी हाइट व पॉली काउअन यांनी ‘मिसिसिपीतील बुधवार’ हा उपक्रम राबविला. उत्तरेकडील कृष्णवर्णीय व गौरवर्णीय स्त्रियांच्या मिश्र तुकड्या दर आठवड्याला येऊन नोंदणी-प्रकल्प पाहत आणि स्थानिक गौरवर्णीय स्त्रियांशी संवाद साधत.

ॲलाबॅमातील सेल्मा येथे अमेलिया बॉइन्टन यांनी १९३० च्या दशकापासून मतदार-नोंदणीचे काम चालविले होते. दंत-आरोग्य परिचारिका मारी फॉस्टर यांनी १९६३ मध्ये येथे नागरिकत्व-वर्ग सुरू केला, तेव्हा पहिल्या रात्री एकच वृद्ध आला व तो आपले नाव लिहावयास शिकला. पुढे ही संख्या वाढत गेली. अहिंसक प्रतिकाराची शिकवण घेतलेल्या डायेन नॅश यांनी ॲलाबॅमातील मताधिकार-आंदोलनाची आखणी जेम्स बेव्हेल यांच्यासह केली. नॅश यांचे गुरू जेम्स लॉसन यांनी १९५३ ते १९५६ या काळात नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात राहून गांधीविचाराचा अभ्यास केला होता. ७ मार्च १९६५ रोजी सेल्माच्या पुलावर पोलिसांनी निदर्शकांवर केलेल्या हल्ल्यात बॉइन्टन बेशुद्ध पडल्या. त्यांचे छायाचित्र जगभर प्रसिद्ध झाले आणि मताधिकार विधेयकाला लोकमताचा आधार मिळाला.

परिणाम व मूल्यमापन : ६ ऑगस्ट १९६५ च्या मताधिकार अधिनियमाने साक्षरता-परीक्षा स्थगित केल्या व संघराज्याचे परीक्षक नेमण्याची तरतूद केली. मिसिसिपीतील कृष्णवर्णीयांचे नोंदणीचे प्रमाण त्यापूर्वी सु. ६.७ टक्के होते, ते १९६७ पर्यंत ५९.८ टक्क्यांवर गेले. व्हर्जिनियातील ॲनी हार्पर आणि नॉरफॉकच्या शिवणकाम करणाऱ्या एव्हलिन बट्स यांच्या दाव्यांतून १९६६ मध्ये राज्य-निवडणुकांतील मतदान-करही रद्द झाला. या कायद्याने दार उघडले. परंतु त्या दाराशी येण्याचे धैर्य व अर्ज भरण्याचे कौशल्य अनेकांच्या अंगी आधीच आले होते, ते वर्गांमुळे.

चळवळीत मात्र स्त्रियांना त्यांच्या श्रमांच्या प्रमाणात मान मिळाला नाही. १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चात प्रमुख वक्त्यांमध्ये एकही स्त्री नव्हती. किंग यांच्या संघटनेच्या कार्यकारिणीतील आपल्या स्थानाविषयी पुरुष सहकारी प्रश्न उपस्थित करीत, असे क्लार्क यांनी पुढे नमूद केले. एला बेकर (१९०३–१९८६) यांनी मात्र एका नेत्यावर विसंबण्याऐवजी स्थानिक लोकांतून नेतृत्व घडविण्याचा आग्रह धरला आणि नागरिकत्व-शाळांनी तोच मार्ग प्रत्यक्षात आणला. क्लार्क यांचे निवृत्तिवेतन राज्याने १९७६ मध्ये मान्य केले. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९६५ च्या अधिनियमातील राज्ये निश्चित करण्याचा निकष घटनाबाह्य ठरविला. त्यामुळे निवडणूक-नियम बदलण्यापूर्वी केंद्राची पूर्वसंमती घेण्याची तरतूद निष्प्रभ झाली आणि नोंदणीच्या कामाची आवश्यकता पुन्हा अधोरेखित झाली.