दूध कमी नाही, बैठक चुकतेय

बाळंतीण दवाखान्यातून घरी येऊन एक-दोन दिवस होतात आणि घरात कुणीतरी म्हणतंच, ‘‘हिला दूध पुरत नाहीये. बाळ सारखं रडतंय.’’ वरच्या दुधाचा डबा येतो, वाटी-चमचा येतो, बाटली उकळत ठेवली जाते. बाळाला छातीशी धरलंय कसं, हे मात्र क्वचितच कुणी बघतं. खरं तर बहुतेक आयांना आपल्या बाळापुरतं दूध येतं. चुकते ती बसण्याची पद्धत आणि बाळाची पकड. या दोन्ही गोष्टी शिकता येतात, दुरुस्त करता येतात.

दुधाचा हिशेब सरळ आहे. बाळ जितकं ओढून पिईल, तितकं नवं दूध तयार होतं. बाळाच्या तोंडात नुसतं स्तनाग्र आलं, तर दूध नीट बाहेर येत नाही. बाळ भुकेलं राहतं, जोर लावून चोखतं, स्तनाग्राला चिरा पडतात. दुखतं म्हणून आई पाजायला घाबरते, छातीत दूध साचून गाठी होतात आणि पुढे दूध खरोखरच आटू लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशात सहा महिन्यांच्या आतल्या सुमारे ६४ टक्के बाळांनाच निव्वळ आईचं दूध मिळत होतं. उरलेल्यांपैकी कितीतरी बाळांचं वरचं दूध सुरुवातीलाच योग्य मदत मिळाली असती तर टळलं असतं.

आधी आई टेकू दे

पहिल्या आठवड्यांत बाळ दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पितं. एवढा वेळ वाकून बसलं तर पाठ, मान, खांदे भरून येणारच. म्हणून बाळ हातात घेण्याआधी आईने स्वतःची जागा नीट करावी. पाठीला भिंत किंवा लोड, कमरेमागे उशी. खुर्चीवर बसत असेल तर पायांखाली पाट, म्हणजे पाय लोंबकळत नाहीत. मांडीवर उशी किंवा घडी घातलेली गोधडी ठेवून बाळाला छातीच्या उंचीवर आणावं. पाण्याचा तांब्या हाताशी असावा. नियम एकच : बाळ छातीकडे आणायचं, छाती बाळाकडे न्यायची नाही.

बाळाचं डोकं, पाठ आणि कंबर एका रेषेत असावी. मान वळवून गिळायला आपल्यालाही जमत नाही, बाळाला कसं जमेल? बाळाचं तोंड छातीकडे, पोट आईच्या पोटाला चिकटलेलं आणि नुसत्या मानेला नव्हे, सगळ्या अंगाला आधार. पहिल्या दिवसांत दुपट्यात घट्ट गुंडाळून पाजण्यापेक्षा बाळ अंगाला लागू द्यावं.

पकडीचा तो एक क्षण

डाव्या बाजूला पाजायचं असेल, तर बाळाला उजव्या हाताने धरा. तळवा त्याच्या पाठीच्या वरच्या भागाला, अंगठा आणि बोटं कानांच्या खाली. डोकं मागून दाबू नका; दाबलं की बाळ मान मागे टाकतं. डाव्या हाताने स्तनाला खालून आधार द्या : अंगठा बाळाच्या नाकाच्या बाजूला, बोटं हनुवटीच्या बाजूला, आणि दोन्ही स्तनाग्राभोवतीच्या काळ्या भागापासून दूर. आता बाळाचं नाक स्तनाग्रासमोर आणा. ओठाला स्पर्श झाला की ते तोंड हलवू लागतं. घाई करू नका. वडापाव खाताना आपण करतो तसा मोठा आ झाला, की त्याच क्षणी बाळाला जवळ घ्या. हनुवटी आधी टेकली पाहिजे, स्तनाग्र टाळूच्या दिशेने गेलं पाहिजे.

पकड बरोबर असेल तर चार गोष्टी दिसतात : तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली आणि काळा भाग खालच्यापेक्षा वरच्या ओठाच्या बाजूला जास्त दिसणारा. सुरुवातीला क्षणभर ओढ जाणवेल. पण दुखतच राहिलं तर सोसत बसू नका. करंगळी बाळाच्या ओठाच्या कोपऱ्यातून आत घालून पकड सोडवा आणि पुन्हा लावा. चोखतानाच ओढून काढलं तर चिरा पडतात.

कुणाला कोणती पद्धत

वर सांगितली ती विरुद्ध हाताची पद्धत नव्या आईला आणि लहानखुऱ्या बाळाला सोयीची, कारण डोक्यावर ताबा राहतो. हात बसला की नेहमीची मांडीतली पद्धत येते, बाळाचं डोकं त्याच बाजूच्या कोपरापाशी.

त्याच २०१९-२१च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातलं साधारण चारातलं एक बाळंतपण सिझेरियनने झालेलं होतं. टाक्यांवर बाळाचा भार नको असतो. अशा वेळी बाळाला काखेखाली घ्यावं : बाजूला उशी, त्यावर बाळ, पाय आईच्या पाठीकडे, डोकं तळहातात. जुळ्यांना एकाच वेळी पाजायलाही हीच पद्धत कामाला येते.

दूध फार जोरात येऊन बाळाला ठसका लागत असेल, तर आईने मागे रेलून बाळाला छातीवर पालथं घ्यावं. बाळ स्वतःच्या गतीने पितं.

राहिलं कुशीवर झोपून पाजणं. ‘दूध कानात जातं, कान फुटतो’ म्हणून अनेक घरांत बाळंतिणीला रात्री दर वेळी उठून बसवतात. आई आणि बाळ दोघंही एकमेकांकडे तोंड करून कुशीवर असतील, तर झोपून पाजायला हरकत नाही. कानाचा धोका मुख्यतः बाळाला उताणं झोपवून बाटलीने दूध देण्यात असतो. मात्र बाळाच्या तोंडाजवळ उशी, गोधडी नको, आणि पाजून झालं की त्याला पाठीवर निजवावं. सोफ्यावर बाळ घेऊन डोळा लागू देऊ नये.

पोट भरलं, हे कसं ओळखायचं?

रडण्यावरून नाही. पिताना संथ, खोल ओढी आणि गिळल्याचा आवाज ऐका. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा लघवी व्हायला हवी. जन्मानंतर थोडं वजन उतरतं. दोन आठवड्यांपर्यंत ते पुन्हा जन्माएवढं व्हावं. जन्मानंतरचे पहिले दोन-तीन दिवस येणारा चीक चमच्यांनी मोजण्याएवढाच असतो आणि बाळाला तेवढा पुरतो. बाळ सुस्त पडलं, लघवी कमी झाली, किंवा आईची छाती लाल होऊन ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. काही वेळा औषध किंवा वरचं दूध लागतंही. तो निर्णय तपासणीनंतर व्हावा, शेजारणीच्या सल्ल्याने नव्हे.

मदत दारात येते. दवाखान्यात बाळंतपण झालं तरी आशाताईंनी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी भेट द्यायची असते. त्यांना नुसतं वजन करून जाऊ देऊ नका. ‘‘माझ्यासमोर बसा आणि मी पाजते ते बघा,’’ असं हक्काने सांगा.

आणि घरच्यांसाठी एवढंच : डब्याकडे हात जाण्याआधी बाळंतिणीच्या पाठीशी उशी लावा, बाळाची पकड बघा, तिला दुखतंय का ते विचारा. ‘दूध नाही’ हा शिक्का तिच्यावर मारण्याचा अधिकार त्याआधी कुणालाच नाही.