चिपाडात दडलेली साखर

रसवंतीत रस पिताना चरकाच्या मागे कधी डोकावलात का? तिथे चिपाडांचा ढीग पडलेला असतो. घुंगरांच्या तालावर दोन-तीनदा पिळून निघालेली, पार चोथा झालेली चिपाडं. पण सगळी साखर काही तुमच्या ग्लासात आलेली नसते बरं! सुक्या चिपाडाचा निम्म्याहून जास्त भाग साखरेचाच बनलेला असतो.

चाटून बघाल तर फसाल. ग्लुकोजचे हजारो रेणू एकमेकांना जोडून तिथे लांबच लांब साखळ्या झालेल्या असतात. हे सेल्युलोज. त्याभोवती हेमिसेल्युलोजचं जाळं आणि सगळ्यांना धरून ठेवणारं चिवट लिग्निन. ऊस वाऱ्यात ताठ उभा राहतो तो या तिघांच्या जिवावर.

या साखळ्या तोडणारी विकरं असतात, म्हणजेच एन्झाइम. पण ती आत शिरणार कुठून? त्यासाठी आधी चिपाडाची नीट मोडतोड करायला हवी. ती करण्याची एक युक्ती म्हणजे एक्स्ट्रूडर. चकलीच्या सोऱ्याचा हा आडदांड भाऊ! आडव्या पोलादी नळीत दोन मळसूत्रं शेजारी शेजारी फिरतात. चिपाडाचा ओलसर भुसा आत गेला, की ती त्याला ढकलतात, चिरडतात, फाडतात. नुसत्या घासण्यानेच तो कडकडीत तापतो. आतल्या पाण्याला वाफ व्हायचं असतं, पण दाब तिला जागाच देत नाही. भुसा तोंडाशी आला की दाब एकदम उतरतो आणि फस्स! वाफ धागे उसवत बाहेर पडते. (तुमचे लाडके मक्याचे कुरकुरे याच तऱ्हेच्या यंत्रात फुगतात.) आता विकरांना रान मोकळं. साखर सुटते, यीस्ट ती खातं आणि तयार होतं इथेनॉल, पेट्रोलमध्ये मिसळायचं.

मोडतोडीचे आणखीही मार्ग आहेत. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने आम्ल आणि वाफेचा मार्ग धरला. 2017 मध्ये त्यांनी दौंडजवळ प्रात्यक्षिक कारखाना उभारला. त्यांचंच तंत्र वापरून इंडियन ऑइलने पानिपतला मोठा कारखाना बांधला. 10 ऑगस्ट 2022 रोजी त्याचं लोकार्पण झालं. चिपाडाऐवजी भाताचा पेंढा, वर्षाला सुमारे 2 लाख टन, असा त्याचा खुराक ठरवलाय!

मला स्वतःला मळसूत्रंच जास्त आवडतात, कारण त्यांना आम्ल लागतंच असं नाही. पण ती वीज भरपूर खातात. शिवाय पेंढ्यात सिलिका असते, वाळूत असते तीच. ती पोलादाला घासत राहते, आणि मऊ दिसणारा पेंढा चक्क मळसूत्रं झिजवून टाकतो.