कोळशापासून तेल : रसायन जुने, हिशेब अपुरा

खनिज तेलाचे भाव भडकले की एक जुना प्रश्न नव्याने डोके वर काढतो. ज्या देशाच्या भूमीत कोळशाचे एवढे साठे आहेत, त्याने आपल्या गरजेपैकी ८५ टक्क्यांहून अधिक खनिज तेल परदेशांतून का आणावे? कोळशाचेच पेट्रोल-डिझेल का करू नये? वर्गातील विद्यार्थी हे विचारतात तेव्हा त्यामागे देशाभिमान असतो आणि व्यवहारबुद्धीही. त्यामुळे उत्तर टाळून चालणार नाही.

असे तेल करता येते, याबद्दल शंका नाही. फ्रान्झ फिशर व हान्स ट्रॉप्श या शास्त्रज्ञांनी १९२५ च्या सुमारास जर्मनीत त्याची रीत सिद्ध केली. कोळशावर तप्त वाफ व प्राणवायू यांची क्रिया घडवून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांचे मिश्रण मिळवावयाचे व लोह किंवा कोबाल्ट या उत्प्रेरकाच्या साहाय्याने त्याचे द्रव इंधन बनवावयाचे. नैसर्गिक वायूपासूनही असे मिश्रण मिळते. कतारमध्ये २०११ साली सुरू झालेला ‘पर्ल’ प्रकल्प याच तत्त्वावर उभारलेला आहे.

प्रश्न आहे तो खर्चाचा. कोळशाचे तेल बहुधा नफ्याच्या आशेने नव्हे, तर नाइलाजाने काढले गेले. जर्मनीने ते महायुद्धासाठी काढले. दक्षिण आफ्रिकेने १९५० मध्ये सरकारी भांडवलावर ‘सॅसोल’ स्थापन केली. १९७३ च्या तेलसंकटानंतर सेकुंडा येथे दुसरा आणि १९७९ च्या क्रांतीनंतर इराणचे तेल बंद झाल्यावर तिसरा कारखाना उभारण्याचे ठरविले. वर्णद्वेषी राजवटीला तेल विकण्यास जग नाखूष होते, म्हणून तिने हा खर्च सोसला. अमेरिकेची कथा याउलट. तेथे १९८० मध्ये कृत्रिम इंधनांसाठी महामंडळ निघाले. पुढे तेलाचे भाव कोसळले आणि १९८६ मध्ये ते गुंडाळावे लागले. कारखाना उभारण्यास वर्षे लागतात, भांडवल फिटण्यास दशके; तेलाचा भाव मात्र काही महिन्यांत फिरतो. ही जोखीम खाजगी भांडवल एकटे घेत नाही. ती अखेर करदात्याच्या माथी येते.

दुसरी बाजू धुराची. कोळशाच्या तेलामुळे हवेत जाणारा कर्बवायू खनिज तेलाच्या जवळजवळ दुप्पट असतो. त्यात आपल्या कोळशात राखेचे प्रमाण बहुधा ३५ ते ४५ टक्के, आणि या प्रक्रियेला पाणीही मुबलक लागते. खाणींच्या प्रदेशातील गावांना त्याची किंमत मोजावी लागेल. कारखान्याच्या ताळेबंदात मात्र ती दिसणार नाही.

केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी २०२४ मध्ये कोळशाच्या वायूकरणासाठी ८,५०० कोटी रुपयांचे साहाय्य मंजूर केले. या वायूपासून अमोनिया व मिथेनॉलही होते. ज्या वस्तूंची आयात त्यामुळे कमी खर्चात टळेल, त्यांना अग्रक्रम द्यावा. मोटारीच्या इंधनाचा एखादा मध्यम आकाराचा कारखाना अडचणीच्या काळासाठी विमा म्हणून ठेवण्यास हरकत नाही. पण विम्याला हप्ता असतो. तो दरसाल किती आणि किती वर्षे भरावयाचा, हे अंदाजपत्रकात उघडपणे मांडले गेले पाहिजे. ते मांडले जाईपर्यंत स्वावलंबनाच्या नावाने नवा खर्च मंजूर करण्याची घाई सरकारने करू नये.