तारापूरचे अणू आणि लेसरची पारख

तारापूर म्हटले की वीज आठवते. २८ ऑक्टोबर १९६९ पासून इथली वीज पश्चिम भारताला मिळू लागली, पुढे ५४० मेगावॅटच्या दोन अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. पण बोईसरजवळच्या या परिसरात विजेबरोबर आणखी काही तयार होते, त्याची चर्चा फारशी होत नाही: निसर्गात जवळपास न सापडणारे समस्थानिक.

युरेनियमचा अणू फुटला की शेकडो प्रकारची अणुकेंद्रे जन्माला येतात. काही क्षणात विरतात, काही चिवट असतात. सीझियम-१३७ चे अर्धायुष्य सुमारे ३० वर्षे, स्ट्रॉन्शियम-९० चे २८.८, क्रिप्टॉन-८५ चे १०.७. तारापूरलाच वापरलेल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया होते आणि उरलेला तीव्र किरणोत्सारी कचरा बोरोसिलिकेट काचेत वितळवून कोंडला जातो.

खरी पंचाईत होते ती पारखण्याची. स्ट्रॉन्शियम-९० रसायनाच्या दृष्टीने साध्या स्ट्रॉन्शियमसारखाच वागतो, आणि हाडात कॅल्शियमच्या जागी जाऊन बसतो. नेहमीच्या पद्धतीत तो आधी वेगळा काढायचा, मग त्याच्या ऱ्हासातून तयार होणारे यट्रियम-९० पुरेसे साठेपर्यंत साधारण दोन आठवडे थांबायचे आणि मगच मोजायचे.

लेसर अणूच्या ऱ्हासाची वाट पाहत नाही. न्यूट्रॉन वाढले की केंद्राचे वस्तुमान आणि आकार बदलतो, त्यामुळे इलेक्ट्रॉन ज्या रंगाचा प्रकाश शोषतात तो रंगही किंचित सरकतो. रेडिओची सुई नेमक्या स्टेशनवर आणावी तसा लेसर एकाच समस्थानिकाच्या रंगावर आणला, की तेवढेच अणू उत्तेजित होतात. मग त्यांचा इलेक्ट्रॉन काढून एकेक अणू मोजता येतो.

जर्मनीतल्या माइन्त्स विद्यापीठात १९९० च्या दशकात याच तत्त्वावर पर्यावरणातील नमुन्यांमधले स्ट्रॉन्शियम-९० शोधले गेले. त्यातली युक्ती पाहण्यासारखी आहे. सर्व आयन एकाच विद्युतदाबाने पळवायचे. जड समस्थानिक मागे पडतात, हलके पुढे जातात. समोरून वा मागून लेसर सोडला की डॉपलर परिणामामुळे दोघांच्या रंगातले अंतर आणखी रुंदावते. त्यामुळे साध्या स्ट्रॉन्शियमच्या प्रचंड गर्दीतूनही हवा तो अणू निवडता येतो.

मूलभूत संशोधनात हीच पद्धत केंद्राचा आकार सांगते. जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेतील आयसोल्डे प्रकल्पात १९७२ मध्ये पाऱ्याच्या हलक्या समस्थानिकांत अचानक आकारबदल दिसला होता. २०१८ मध्ये लेसर आयनीकरणाने ही मालिका आणखी हलक्या अणूंपर्यंत नेली, तेव्हा आकारातले हे चढउतार कुठे थांबतात तेही कळले. २०१६ मध्ये डार्मस्टाट येथे तर नोबेलियम-२५४ चा वर्णपट मिळाला. या अणूचे अर्धायुष्य केवळ ५१ सेकंद, आणि सेकंदाला जेमतेम चार अणू हाती लागत होते.

महाराष्ट्रातला धागा तुर्भ्याला सापडतो. कर्करोगावरील उपचारांत वापरले जाणारे ल्युटेशियम-१७७ भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होते. त्याचा कच्चा माल ल्युटेशियम-१७६, पण नैसर्गिक ल्युटेशियमात तो फक्त २.६ टक्के. तीन टप्प्यांत लेसर वापरून तेवढाच भाग निवडण्याचे मार्ग भाभा केंद्राच्या संशोधकांनी प्रसिद्ध केले आहेत.

तारापूरजवळ पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा आहे. ती मासे, दूध, भाजी, माती, पाणी असे नमुने तपासते. सातपाटीच्या पापलेटवर जगणाऱ्या किनाऱ्याला अशा तपासणीचे निकाल झटपट आणि सोप्या भाषेत मिळायला हवेत. अणू मोजण्याचे हे लेसर तंत्र महागडे आणि कसबाचे आहे, हे खरे. तरीही देशात त्यावर पहिला हक्क ज्यांच्या दारात हे अणू तयार होतात त्यांचा आहे, आणि पालघरच्या महाविद्यालयांतल्या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्या कामात उमेदवारी मिळाली पाहिजे.